आरएक्स-८ नाशिकच्या उन्हात: रोटरी इंजिनाच्या कूलिंगमध्ये काय बदलायचं आणि कोणत्या क्रमानं

माझदानं आरएक्स-८ भारतात अधिकृतपणे कधी विकलीच नाही. इथं ज्या मोजक्या गाड्या आहेत त्या बाहेरून आलेल्या, आणि उत्पादन २०१२ मध्ये थांबल्यामुळं सगळ्याच आता जुन्या. सुटा भाग हवा असेल तर तो जपान, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातून मागवायचा, कस्टम ड्युटी भरायची आणि तोवर गाडी झाकून ठेवायची. अशा गाडीत कामाचा क्रम चुकला की पैसाही जातो आणि उन्हाळाही.

क्रम बहुतेकांचा पहिल्याच पायरीवर चुकतो. गाडी तापते म्हटलं की पहिली ऑर्डर जाते ती जाड ॲल्युमिनियम रेडिएटरची. पण या वयाच्या आरएक्स-८ मध्ये आहे त्याच रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नसते. कडेचा फोम कुजलेला असतो, खालचा ट्रे कुठल्यातरी स्पीडब्रेकरवर तुटून गेलेला असतो, एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत माती बसलेली असते. त्यात जाड रेडिएटर घातला तर हवेला आडकाठी वाढते आणि ती आणखीनच बाजूनं पळते. म्हणून इथं हवेचा मार्ग आधी आणि रेडिएटर सर्वांत शेवटी घेतला आहे.

या इंजिनाला जास्त तापणं का सोसत नाही

पिस्टनच्या इंजिनात गार मिश्रण ज्या सिलिंडरमध्ये येतं तिथंच ते जळतं, त्यामुळं धातूला मधे मधे उसंत मिळते. रोटरीत पिस्टनऐवजी तीन बाजूंचा रोटर हाउसिंग नावाच्या कवचात फिरतो; हवा कायम हाउसिंगच्या एकाच बाजूनं आत येते आणि जळण कायम स्पार्क प्लगच्या बाजूलाच होतं. एक बाजू सदा गार, दुसरी सदा तापलेली. त्यात रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमची, तर त्यांच्या मधल्या आणि बाजूच्या प्लेटा बिडाच्या, आणि सगळा गठ्ठा लांब बोल्टनी आवळलेला. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. तापमान हद्दीबाहेर गेलं की हाउसिंग प्लेटांवर दाबली जाते आणि खाचेतली रबरी वॉटर सील चपटी होते. गार झाल्यावर ती पुन्हा पूर्ववत होत नाही. मग पाणी चेंबरमध्ये शिरतं आणि चेंबरमधला गॅस पाण्यात. पाणी कमी होतंय म्हटलं की मेकॅनिक 'हेड गॅसकेट गेलं' म्हणून मोकळा होतो, पण या इंजिनाला हेडच नाही. सील बदलायची तर अख्खं इंजिन उतरवून खोलावं लागतं.

दुसरी गोष्ट ऑइलची. रोटर आतून पाण्यानं थंड होत नाही; रोटर ज्यावर फिरतो त्या एक्सेंट्रिक शाफ्टमधल्या जेटमधून त्याच्या पोकळीत ऑइल फवारलं जातं. बाहेर काढायच्या एकूण उष्णतेतला साधारण एक तृतीयांश वाटा ऑइल उचलतं. त्यामुळं ऑइल कूलर हा इथं मूळ कूलिंगचाच भाग धरायचा.

आणि नाशिकचा मुद्दा. शहर सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळं उघड्या भांड्यात पाणी इथं ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंटच्या टाकीला १.१ बारची चांगली टोपी असेल तर तेच पाणी १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर गेलं की हा सगळा फरक हातातून जातो. स्पार्क प्लगच्या बाजूला हाउसिंगच्या भिंतीला लागलेलं पाणी बाकीच्या पाण्यापेक्षा बरंच गरम असतं. दाब कमी झाला की पहिले बुडबुडे तिथंच होतात, आणि वाफ धातूची उष्णता पाण्याइतकी उचलत नाही. स्कॅनरवर ९८ दिसत असताना त्या कोपऱ्यात उकळी सुरू झालेली असू शकते.

आधी मोजा

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. पाणी ८५ अंशांवर असो की शंभरी ओलांडलेलं असो, तो मधेच उभा राहतो; हलायला लागतो तोवर उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, ब्लूटूथ अडॅप्टर लावा आणि मोबाइलवर पाण्याचं तापमान, इनटेक हवेचं तापमान, आरपीएम आणि वेग या चार गोष्टी नोंदवत राहा. ऑइलचं तापमान मात्र यावर मिळेलच असं नाही, त्याच्याकडे पुढं येऊ.

चाचणीला तीन वेगळ्या परिस्थिती लागतात, कारण प्रत्येकीत दोष वेगळा उघडा पडतो. संध्याकाळी नाशिकच्याच गर्दीत द्वारका चौक ते मुंबई नाका, एसी चालू: इथं गाडी तापली तर पंखे, श्राउड (पंख्यांभोवतीचं आवरण) किंवा गरम हवा फिरून पुढं येणं, यांपैकी काहीतरी. समृद्धी महामार्गावर ठरावीक वेगानं वीसेक मिनिटं: इथं तापली तर हवेचा मार्ग किंवा रेडिएटर. कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये: इथं तापली तर एकूण क्षमता, आणि त्यातही ऑइल. गाडी फक्त द्वारकेलाच तापत असेल तर मोठ्या रेडिएटरनं फारसं काही साधणार नाही.

नोंद करताना बाहेरचं तापमानही लिहा. पाण्याचं तापमान वजा बाहेरच्या हवेचं तापमान, हा फरकच तुलनेला उपयोगी. डिसेंबरात ९४ आणि एप्रिलात १०३ दिसले म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही; बाहेर १५ अंशांचा फरक असेल तर सिस्टीम उलट आधीपेक्षा बरी चालली आहे. मात्र थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असतानाचेच आकडे धरा. पाणी ८५-८८ वर स्थिर असेल तर थर्मोस्टॅटच तापमान सांभाळतोय, त्या वेळचा फरक काहीच सांगत नाही.

सील शाबूत आहेत का

एकही भाग मागवण्याआधी हे तपासा. इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीवर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा आणि टोपीवर छापलेल्या आकड्याइतका दाब भरा. पंधरा मिनिटांत काटा पडता कामा नये. पडला आणि बाहेर कुठंच ओल नसेल तर चारही स्पार्क प्लग काढून दाब भरलेल्या अवस्थेत गाडी रात्रभर ठेवा. सकाळी इग्निशन चालू करण्याआधी प्लगच्या भोकांत पातळ टिश्यूची गुंडाळी घालून बघा. ओली आली, गोडसर वास आला, तर निदान झालं.

दुसरी खूण टाकीत दिसते. गाडी गरम होऊन फॅन चालू झाल्यावरही टाकीत एकसारखे बारीक बुडबुडे येत राहिले तर निळ्या द्रवाची गॅस टेस्ट करून घ्या. जळालेला गॅस पाण्यात असेल तर द्रव पिवळा पडतो.

कॉम्प्रेशनही बघून घ्या, पण साध्या गेजनं नाही. रोटरच्या तीन बाजूंचे तीन वेगळे आकडे दाखवणारा रोटरीचाच टेस्टर लागतो. या इंजिनाला २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल हा चांगला आकडा आणि ६८० ही खालची हद्द. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० पेक्षा आणि दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा जास्त तफावत नको. हे आकडे खराब असतील तर कूलिंगचा खर्च थांबवा. तो पैसा इंजिन उघडताना लागणार आहे.

एक सापळा इथंच सांगून ठेवतो. कूलंट कमी असल्याचा दिवा लागला पण टाकी भरलेली आहे, असं या गाडीत नेहमी होतं. टाकीतल्या सेन्सरचा तरंगता भाग पाणी पिऊन बुडतो. घाबरून जाऊ नका, पण दिव्याची वायर काढूनही टाकू नका. खरी गळती झाली तर पहिली सूचना तोच देतो.

हवेचा मार्ग

खर्च सर्वांत कमी आणि फरक सर्वांत जास्त तो इथं पडतो. बंपर उतरवायचाच आहे. क्लिपा म्हाताऱ्या झालेल्या असतात आणि उपसताना तुटतात, त्यामुळं नव्या आणून ठेवा.

बंपर निघाला की पुढून पाहा: एसीचा कंडेन्सर, त्यामागं रेडिएटर, त्यामागं श्राउड आणि दोन पंखे. पुढच्या तोंडातून आलेली प्रत्येक घोटभर हवा याच रांगेतून गेली पाहिजे. प्रत्यक्षात कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे दोन्ही बाजूंना फट असते, वर रेडिएटर आणि क्रॉसमेंबरमध्ये असते, खाली तर बोटं जातात. हवा अडथळ्यातून जाण्यापेक्षा फटीतून जाणं पसंत करते.

फट शोधायला साधा उपाय आहे. पेट्रोल कुठं गळत नाही याची खात्री करून इंजिन आयडलवर ठेवा, एसी लावा म्हणजे पंखे फिरतील, आणि पेटलेली उदबत्ती रेडिएटरच्या कडेनं हळूहळू फिरवा. बेल्टपासून हात आणि बाही लांब. जिथं धूर जाळीकडे न जाता कडेच्या फटीत सुर्रकन ओढला जातो तिथं इंजिनच्या बाजूची गरम हवा पुन्हा पुढं येते आहे. खडूनं खूण करा. खालच्या कोपऱ्यांत बहुतेक वेळा धूर जोरात वळतो. द्वारकेच्या गर्दीत गाडी तापण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

बुजवायला सोफ्याचा स्पंज वापरू नका, तो पाणी पितो आणि पहिल्या पावसात लोंबतो. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर चढवतात ते काळं नायट्राइल इन्सुलेशन बंद छिद्रांचं असतं, शीटमध्ये १३ आणि १९ मिमी जाडीत सहज मिळतं. फटीपेक्षा तिसऱ्या हिश्शानं जाड पट्टी कापा म्हणजे ती दाबून बसेल. पृष्ठभाग आधी थिनरनं पुसा, रबर सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून सुकू द्या, मग चिकटवा. फट २० मिमीच्या वर असेल तर फोमचा गठ्ठा कोंबू नका; तिथं १ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून लावा आणि तिच्या काठाला फोम द्या.

खालचा ट्रे नसेल तर तो करून घ्या, आणि हे काम इथल्याइतकं सोपं फार कमी ठिकाणी होईल. अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत लेझर कटिंग आणि बेंडिंगची छोटी वर्कशॉप आहेत, वाहनांच्या सुट्या भागांवर हात बसलेली. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना करा: पुढं बंपरच्या ओठापासून मागं सबफ्रेमपर्यंत, दोन्ही बाजूंना फेंडरच्या लायनरपर्यंत. पुठ्ठा गाडीखाली धरून चाकं पूर्ण वळवून बघा. मग ५०५२ ग्रेडच्या १.५ मिमी पत्र्यात कापून घ्या. कडा १० मिमी दुमडून घ्या, नाहीतर वेगात पत्रा थरथरतो आणि भोकांपाशी चिरतो. एम६ रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखे बसणारे आट्यांचे नट) वापरा. ऑइल ड्रेनखाली उघडणारी झडप ठेवा, नाहीतर पुढच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी ट्रे काढेल आणि तो परत बसणार नाही. पुढची कड बंपरच्या ओठाच्या वर हवी, खाली नाही. खाली राहिली तर पहिलाच स्पीडब्रेकर ती उचकटतो.

नंबर प्लेटकडेही बघा. हाय सिक्युरिटी प्लेट ५०० बाय १२० मिमीची असते आणि बरेच जण ती थेट पुढच्या तोंडावर आडवी ठोकतात. तेवढीच हवा बंद. तोंडाच्या वरच्या बंपरच्या सपाट भागावर ती सरळ आणि स्पष्ट दिसेल अशी बसवा. जाळी लावायची हौस असेल तर छिद्रं मोठी ठेवा. डासांच्या जाळीसारखी बारीक जाळी माती धरते.

कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळ्या धुताना मागून पुढं, कमी दाबाच्या पाण्यानं. प्रेशर वॉशर तिरका लागला की फिन्स आडव्या होतात आणि मग तो भाग बंदच. एसीवाले वापरतात ते तीव्र कॉइल क्लीनर ॲल्युमिनियम खातात, साधं शाम्पूचं पाणी पुरतं. पुढच्या चाकांसमोर बसलेले ऑइल कूलरही याच वेळी धुवा. खड्यांचा मार त्यांनाच सर्वांत जास्त बसतो आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

बॉनेटबद्दल: मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेट काचेच्या बाजूनं उचलायची पद्धत आहे. करू नका. वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळं तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आत शिरते. व्हेंट करायचेच असतील तर रेडिएटरच्या लगेच मागं, बॉनेटच्या पुढच्या भागात, आणि खाली पाणी गोळा करून बाजूला सोडणारी पन्हळ देऊनच. इगतपुरीचा पाऊस इग्निशन कॉइलवर पडला तर मिसफायर सुरू होतो.

हवेचं एवढं काम झालं की थांबा आणि तिन्ही चाचण्या पुन्हा करा. मधे दुसरं काही बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. बऱ्याच गाड्यांना रोजच्या वापरासाठी पुढचं काही लागतही नाही.

टाकी, टोपी, थर्मोस्टॅट, पंप

प्लॅस्टिकची टाकी या गाडीत दाबाखाली असते आणि वयानं शिवणीवर चिरते. पिवळी पडली असेल, शिवणीला वाळलेल्या कूलंटची पांढुरकी रेघ दिसत असेल, तर बदला. एमआयडीसीत टिग वेल्डिंगनं ॲल्युमिनियमची टाकी करून घेता येते. मूळ टाकीइतकाच आवाका ठेवा, नळ्यांची उंची तीच ठेवा, टोपीचं तोंड विकत आणून वेल्ड करा, आणि बसवण्याआधी २ बार हवा भरून पाण्यात बुडवून बघा. टोपी मूळ दाबाचीच नवी घ्या. जास्त दाबाच्या टोपीनं उकळबिंदू वाढतो हे खरं, पण तोच दाब जुन्या होजवर, हीटर कोअरवर आणि वॉटर सीलवर येतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. गरम प्रदेशात ही आपल्याकडची जुनी सवय आहे. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याची दुसरी चकती बायपासचा मार्ग बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. काढून टाकला तर बायपास उघडाच राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततं. नवा बसवण्याआधी पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसह टाकून बघा: ८२ च्या आसपास उघडायला लागला पाहिजे. कमी अंशांचा थर्मोस्टॅट घातल्यानं शेवटचं तापमान खाली येत नाही, फक्त चढायला सुरुवात खालून होते. बसवताना हवा जाण्याची बारीक पिन वरच्या बाजूला हवी.

पंपाचा शाफ्ट हातानं हलवून बघा. खेळ असेल किंवा खालच्या भोकातून डाग आला असेल तर बदला. ९००० आरपीएमपर्यंत जाणाऱ्या इंजिनावर पंप वरच्या टोकाला पाणी ढकलण्याऐवजी फेस करायला लागतो. त्यासाठी वेगळ्या पात्यांचे पंप मिळतात, पण ते ट्रॅकवर चालवणाऱ्यांनी घ्यावेत. रस्त्यावरच्या गाडीला नवा मूळ पंप पुरेसा. गॅसकेटचा पृष्ठभाग खरवडताना ॲल्युमिनियमला ओरखडा पाडू नका, आणि बोल्ट टॉर्क पान्यानंच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची स्प्रिंग, बसवावं लागतं.

कूलंट किती आणि कुठलं पाणी

निम्मं-निम्मं मिश्रण थंड देशांसाठी आहे. निफाडचा पारा हिवाळ्यात कितीही बातम्यांत आला तरी ३० टक्के कूलंट उणे १५ अंशांपर्यंत पुरतं. ग्लायकॉल जितकं जास्त तितकी मिश्रणाची उष्णता वाहण्याची ताकद कमी. निम्म्या-निम्म्या मिश्रणात ती साध्या पाण्यापेक्षा १५ टक्क्यांहून अधिक घटते. त्यामुळं इथं ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) ठेवा. त्याच्याही खाली जाऊ नका, गंज रोखणारी रसायनं पातळ होतात. कूलंट फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं, जपानी गाड्यांसाठीचं घ्या. आणि ते तयार मिश्रण न घेता कॉन्सन्ट्रेट घ्या, नाहीतर हे प्रमाण जमणार नाही. बोअरचं पाणी चुकूनही नको. त्यातले क्षार नेमके सर्वांत गरम भिंतीवर, म्हणजे प्लगच्या बाजूला बसतात.

सिस्टीममध्ये साधारण १० लिटर मावतं, पण रेडिएटरचा नळ सोडल्यावर त्यातलं बरंचसं इंजिन आणि हीटरमध्येच राहतं. हिशोब इथंच चुकतो. डीएम वॉटर भरून, गरम करून, सोडून, असं ते निर्मळ येईपर्यंत करा. आता आत उरलंय ते नुसतं पाणी. मग आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि वर डीएम वॉटर. दोन दिवस चालवून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्रावर, थेंब टाकून खात्री करा.

पंखे

कारखान्याच्या सेटिंगमध्ये पंख्यांचा पहिला टप्पा ९७ अंशांच्या आसपास सुरू होतो. युरोपात ठीक, एप्रिलातल्या मुंबई नाक्याला उशिरा. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून करणारं कुणी असेल तर पहिला टप्पा ९१-९२ आणि दुसरा ९५-९६ वर आणा. हा सर्वांत स्वच्छ मार्ग. थर्मोस्टॅट उघडायला लागतो त्या तापमानाच्या जवळ मात्र आणू नका, पंखे फुकट फिरत राहतील.

ट्यूनिंग नको असेल तर वेगळा थर्मोस्विच आणि रिले. ४० अँपिअरचा रिले, प्रत्येक पंख्याला ३० अँपिअरचा वेगळा फ्यूज, ४ चौरस मिमी तांब्याची वायर, आणि अर्थ थेट बॅटरीपर्यंत. रंगावर कसलेला अर्थ चालणार नाही. पंखा फिरत असताना त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजा: बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर कुठंतरी जोड कच्चा आहे आणि पंखा हळू फिरतोय.

श्राउड काढून पंखे केबल टायनं थेट जाळीला बांधायचे नाहीत. पंख्यासमोरच्या गोलाएवढ्याच भागातून हवा ओढली जाते, बाकी रेडिएटर नुसता उभा राहतो, आणि टायनं फिन्स कापल्या जातात त्या वेगळ्या.

ऑइल

ऑइल फिल्टरखाली सँडविच प्लेट लावून तापमानाचा सेन्सर बसवा आणि गेज आत. रस्त्यावर ८० ते १०५ ठीक. घाटात ११० च्या वर जाऊन तिथंच राहत असेल तर काम हवं. काही गाड्यांना एकच ऑइल कूलर असतो, काहींना दोन. एकच असेल तर मूळचाच दुसरा कूलर, त्याचा डक्ट आणि नळ्या बसवणं हा या गाडीतला रेडिएटरपेक्षा जास्त उपयोगी बदल आहे, कारण बंपरमध्ये त्याची जागा आधीपासून असते. नव्या नळ्या एएन-१० या मापापेक्षा बारीक नकोत, दाब पडतो. जुन्या नळ्यांचे क्रिंप गंजून पाझरतात. तिथं हात फिरवून बघा. ऑइल गरम न होता ६० वर राहणंही वाईट, म्हणून कूलरचा थर्मोस्टॅट काढायचा नाही.

आणि पाण्याचा, हवेचा काहीच दोष सापडत नसेल तर एक्झॉस्टकडे वळा. इग्निशन कॉइल अशक्त झाल्या की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, त्याची जाळी वितळून बुजते, आणि बाहेर जाऊ न शकलेली उष्णता इंजिनातच साचते. घाट चढल्यावर वास गंधकासारखा येत असेल आणि वरच्या आरपीएमला जोर नसेल तर आधी कॉइल आणि कन्व्हर्टर.

आता रेडिएटर

एवढं करूनही समृद्धीवर किंवा घाटात आकडा चढत राहिला तरच. ३६ ते ५० मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम कोअरमध्ये रस्त्याच्या गाडीला पातळ बाजूचाच घ्या. जाड कोअर द्वारकेच्या गर्दीत पंख्यांना जड जातो. विकत घेताना मूळ श्राउड, मूळ रबरी बैठका आणि कंडेन्सरचे ब्रॅकेट जसेच्या तसे बसतात का एवढं विचारा. नाही बसत म्हणजे पुन्हा फटी. कोअर धातूच्या ब्रॅकेटवर थेट टेकता कामा नये. बसवल्यावर मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं टाकीतल्या कूलंटमध्ये बुडवा, पंखे चालू ठेवून. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ०.३ च्या वर गेला तर कुठला तरी अर्थ पाण्यातून परततोय आणि नवा रेडिएटर बघता बघता आतून भोकं पडून गळेल.

भरणं आणि हवा काढणं

नाक वीतभर वर घ्या, जॅकवर नाही, रॅम्पवर. हीटर पूर्ण गरमवर. फनेल लावून सावकाश भरा, भरताना वरचा आणि खालचा होज दाबत राहा. गुडगुड थांबली की इंजिन सुरू करा. आयडलवर दहा मिनिटं, मग २५०० आरपीएमला थोडा थोडा वेळ, पातळी खाली जाईल तसं भरत. हीटरची हवा मधेच गार झाली तर आत अजून हवा आहे. पंखे दोनदा लागून बंद झाले आणि फनेलमधले बुडबुडे थांबले की टोपी लावा. पूर्ण गार झाल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी, पातळी पुन्हा बघा. अर्धा-एक लिटर लागू शकतं.

या कामात गाडी पुढं-मागं घ्यायला सुरू करून लगेच बंद करू नका. गार रोटरी अशी बंद केली की चेंबरमध्ये पेट्रोल साचतं आणि पुन्हा सुरू होत नाही. हलवायची असेल तर ढकला, नाहीतर पूर्ण गरम होऊ द्या.

तिन्ही चाचण्या शेवटच्या एकदा. एप्रिलच्या दुपारी घाटात १०० च्या आत राहिली तर काम झालं. १०५ दिसले की एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, गिअर वरचा, पाय हलका. ११० ला बाजूला घ्या; पंखे फिरत असतील तर दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा, फिरत नसतील किंवा पाणी सांडत असेल तर तत्काळ बंद. टोपीला तासभर हात लावू नका. ११५ ओलांडले असतील तर पुन्हा सुरू न करता गाडी उचलून आणा आणि प्लग काढून दाबाची तपासणी आधी करा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळ्या होज क्लिपा इंजिन गार असताना पाहा. सिलिकॉनचे होज बसतात आणि क्लिप सैल पडते. द्राक्षाच्या हंगामात मळ्यांच्या रस्त्यांनी फिरत असाल तर पावसाळ्याआधी जाळ्या पुन्हा धुवा आणि फोमच्या पट्ट्या कुठं सुटल्या का ते बघा. काढलेलं जुनं कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री ते चाटतात. ते गटारात किंवा नासर्डी नदीत न सोडता कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा आणि गॅरेजच्या जुन्या ऑइलसोबत अधिकृत रीसायकलरकडे द्या.